सोळा खणांचं फडताळ

माझ्या आत्याचा राक्षसगण. नक्षत्र मघा, म्हणजे त्यात वादाला जागाच नाही. सत्तावीस नक्षत्रांतली नऊ देवांना, नऊ माणसांना आणि नऊ राक्षसांना अशी सरळ वाटणी आहे, आणि गुणमेलनाच्या ३६ गुणांतले सहा या गणाचे. सत्तरच्या दशकात तिच्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा दोन घरांतून मुलगी पसंत, शिक्षण पसंत, पत्रिका मात्र परत आली. त्यातलं एक पोस्टकार्ड आजोबांच्या ट्रंकेत मी स्वतः पाहिलं आहे. 'योग दिसत नाही, क्षमस्व', एवढाच मजकूर. खाली आजीच्या अक्षरात पेन्सिलीने एकच शब्द: गण.

ही आत्या कशी, तर पावसाळ्यात न्हाणीघरात निघालेलं गांडूळ सुपलीत घेऊन परसात सोडून येणारी. तिसऱ्या स्थळाचा मुलगा निघाला राक्षसगणाचाच, आणि लग्न जमलं. काका पुढे चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगत असत, 'आमच्याकडे देव फक्त देवघरात.'

हे सगळं मी हसण्यावारी नेत आले होते. माझा पत्रिकेवर विश्वास नाही, मी शिकलेली, पुण्यात आयटीत नोकरी करणारी बाई. मग काही वर्षांपूर्वी आमच्या टीमला मुळशीजवळच्या एका रिसॉर्टवर नेलं. सकाळी पोहे, दुपारी मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, म्हणजे एमबीटीआय, या स्वभावचाचणीचे ९३ प्रश्न. 'पार्टीत तुम्ही ओळखीच्यांशीच बोलता की नव्या माणसांशी ओळख करून घेता', 'तुम्हाला भावनेचा माणूस म्हटलेलं आवडेल की तर्काचा', असे. संध्याकाळी प्रत्येकाला चार अक्षरं मिळाली. माझी आय-एन-एफ-जे. म्हणजे लोकांपेक्षा स्वतःत रमणारी, डोळ्यांसमोरच्या तपशिलापेक्षा त्यामागच्या अंदाजावर भिस्त ठेवणारी, निर्णय घेताना माणसं बघणारी आणि एकदाचं ठरवून मोकळी होणारी. सोबत दोन पानांचं वर्णन होतं. खरं सांगते, वाचताना घशात काहीतरी आलं. इतक्या आपुलकीने माझ्याबद्दल आजवर कोणी लिहिलंच नव्हतं.

सोमवारी मॅनेजर म्हणाला, 'तू आय आहेस ना, मग क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन मी दुसऱ्या कोणाला देतो. तुला त्रास नको.' अगदी मनापासून, माझ्या सोयीसाठी. पुढचं वर्षभर मला एकही प्रेझेंटेशन मिळालं नाही. आजीची पेन्सिल आठवली ती तेव्हा.

मग मी या अक्षरांच्या मागे लागले. ती आली कुठून, कोणी काढली, कशावरून?

सगळ्याची सुरुवात एका जावयापासून झाली, पण आधी त्याचं सासर सांगते. वॉशिंग्टनमध्ये लायमन ब्रिग्ज नावाचे पदार्थविज्ञानाचे शास्त्रज्ञ राहत असत. पुढे ते नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सचे, म्हणजे अमेरिकेची वजनं-मापं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे प्रमुख झाले. १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी अणुबाँबच्या दृष्टीने युरेनियमचा विचार करायला समिती नेमली, तीही यांच्याच अध्यक्षतेखाली. त्यांची बायको कॅथरीन, जन्म १८७५. वयाच्या चौदाव्या वर्षी कॉलेजात गेलेली हुशार बाई, पण काळच असा की त्या हुशारीला घराबाहेर काम नव्हतं. बाकीची मुलं तान्हेपणीच गेली, हाताला राहिली ती एकच मुलगी, इझाबेल. कॅथरीनने सगळी बुद्धी तिच्यावर लावली. शाळेत न घालता बरंचसं घरीच शिकवलं, तिच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या, त्यावरून मुलं कशी वाढवावीत याचे लेख मासिकांत लिहिले. ज्या घरात कर्ता पुरुष मापांच्या अचूकतेचा पगार घेत होता, त्याच घराच्या बैठकीच्या खोलीत माणसाचं माप काढण्याचा हा दुसरा उद्योग चालला होता.

इझाबेल स्वार्थमोर कॉलेजात गेली, तिथे क्लॅरेन्स मायर्स या कायदा शिकायला निघालेल्या मुलाच्या प्रेमात पडली आणि १९१८ मध्ये लग्न झालं. मुलगा चांगला, पण ब्रिग्जांच्या घरातल्यासारखा नाही. ही तिघंही कल्पनेत रमणारी, तो व्यवहारी, तपशिलाचा, एकेका पायरीने जाणारा. त्याच्यात खोट काढण्यासारखं काही नाही आणि तरी हा असा का, हे उमगत नाही. आपल्याकडे अशा वेळी सासू बहिणीला फोन लावते. कॅथरीनने ग्रंथालय गाठलं. थोरामोठ्यांची चरित्रं वाचून काढली आणि माणसांचे चार प्रकार पाडले: चिंतन करणारे, मनात येईल तसं वागणारे, कामं तडीस नेणारे आणि माणसांत मिसळणारे.

तोवर तिकडे स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग या मनोविकारतज्ज्ञाचं फ्रॉइडशी फाटलं होतं. एकाच रुग्णाकडे फ्रॉइड बघतो तेव्हा त्याला एक दिसतं, ॲडलर हा दुसरा मनोविकारतज्ज्ञ बघतो तेव्हा दुसरंच दिसतं, आणि दोघेही मूर्ख नाहीत. मग बघणाऱ्याच्या घडणीतच फरक असेल काय? या प्रश्नातून युंगचं 'सायकॉलॉजिकल टाइप्स' हे पुस्तक आलं, जर्मनमध्ये १९२१ ला आणि इंग्रजीत १९२३ ला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आज आपण गावच्या पारावरही वापरतो ते या पुस्तकामुळे. दोन कल, आणि विचार, भावना, संवेदना, अंतर्ज्ञान अशी मनाची चार कार्यं. दोन चोक आठ प्रकार. आधार काय, तर दवाखान्यात भेटलेली माणसं, जुने ग्रंथ, धर्म, काव्य आणि युंगची स्वतःची प्रचंड वाचलेली, काहीशी गूढाकडे झुकलेली बुद्धी. मोजमाप कुठेही नाही. आणि तोच युंग म्हातारपणी एका मुलाखतीत म्हणाला, की निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतोच, असलाच तर तो वेड्यांच्या इस्पितळात असेल. मूळपुरुषाने दिलेली ही तंबी पुढे कुठल्याच कार्यशाळेत कोणी वाचून दाखवलेली मी ऐकली नाही.

कॅथरीनला मात्र पुस्तकात देव भेटला. आपली चार प्रकारांची टिपणं तिने जाळून टाकली, असं सांगतात. युंगला पत्रं लिहिली. १९२६ मध्ये एका साप्ताहिकात लेख लिहून वाचकांना आपला प्रकार कसा ओळखावा तेही शिकवलं.

इझाबेलला या सगळ्यात तेव्हा फारसा रस नव्हता. ती रहस्यकथा लिहीत होती आणि चांगली लिहीत होती. एका मासिकाची मोठ्या बक्षिसाची स्पर्धाही तिने जिंकली होती. तिला खेचून आणलं युद्धाने. १९४२ साल, पुरुष आघाडीवर आणि लाखो बायका पहिल्यांदाच कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागलेल्या. कुणाला कुठे बसवायचं याचा सगळीकडे गोंधळ. 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये तिने माणसं पारखण्याच्या एका चाचणीबद्दल वाचलं आणि तिच्या डोक्यात आलं, की आईचं युंग इथे कामाला लावता येईल. तिची पदवी राज्यशास्त्राची होती. मानसशास्त्र ती शिकली नव्हती, संख्याशास्त्रही नाही. मग फिलाडेल्फियातल्या एका बँकेत नोकरभरतीचं काम बघणाऱ्या एडवर्ड हे या माणसाकडे तिने चाचण्या कशा बनवतात, गुण कसे देतात हे शिकून घेतलं. प्रश्न लिहायचे, ते घरच्यांवर, शेजाऱ्यांवर, मुलांच्या शाळेतल्या सोबत्यांवर लावून बघायचे, न चाललेले फेकायचे. पहिला नमुना १९४३ चा. युंगच्या आठ प्रकारांत मायलेकींनी आपली एक जोडी घातली, ठरवून मोकळं होणारे आणि शेवटपर्यंत दार उघडं ठेवणारे, आणि आठाचे सोळा झाले.

इथे मला इझाबेलबद्दल आदर वाटतो, तो नोंदवून ठेवते. पुढची पस्तीसेक वर्षं तिने हे काम सोडलं नाही. एकटीच्या जोरावर ४५ वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यातले कोण पुढे कुठल्या शाखेत गेले याचा माग ठेवला. तिने आपल्या साधनाला टेस्ट म्हणू दिलं नाही, इंडिकेटर म्हटलं, कारण टेस्टमध्ये नापास होता येतं. तिच्या सोळा खणांत एकही वाईट खण नाही. दोन बाजूंना सारखेच गुण पडले तर कौल कुठे द्यायचा हेही तिने ठरवून ठेवलं होतं: अंतर्मुखाला, कारण बहिर्मुख व्हा असं सगळं जगच सांगत असतं, आणि तरीही कोणी निम्मे गुण अंतर्मुखतेला देत असेल तर तो बहुधा तसाच असणार. हा हिशेब शास्त्रीय आहे की नाही ते सोडा, माणुसकीचा आहे. उलट विचार-भावना या जोडीत तिने अनेक वर्षं बायकांना आणि पुरुषांना गुण वेगळ्या तक्त्याने दिले. पुरुषाने आणि बाईने एकच खूण केली तरी तिचं वजन वेगळं. त्या काळाच्या समजुती अशा गुपचूप तक्त्यात जाऊन बसतात.

१९५७ च्या सुमारास नशीब उघडलं. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे आपली मुलं अमेरिकेला जाताना ज्यांच्या जीआरई आणि टोफेलच्या धसक्याने वाळतात ती संस्था. तिच्या प्रमुखांना, हेन्री चॉन्सी यांना, हे साधन आवडलं. तिथे पदवीधर संख्याशास्त्रज्ञांची फौज होती. त्यांनी आकडे उलगडून बघायला घेतले आणि साठीतल्या त्या हट्टी बाईशी त्यांचं रोज वाजू लागलं. त्यातल्या लॅरी स्ट्रिकर या तरुण संशोधकाचा आक्षेप मुळावरच घाव घालणारा होता. संस्थेने १९६२ मध्ये संशोधनापुरतं म्हणून ते छापलं, फार पुढे रेटलं नाही आणि शेवटी हात झटकले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका प्रकाशनाने ते घेतलं, आणि तिथून ते कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात शिरलं ते आजतागायत. इझाबेल १९८० मध्ये गेली. पैशाचा खरा पूर तिच्यानंतरचा.

तो मुळावरचा आक्षेप काय, हे आपल्याला दहावीच्या मार्कशीटवरून चटकन कळेल. ३५ ला पास, ३४ ला नापास. एका मार्काच्या अलीकडे-पलीकडे असलेली दोन पोरं एकमेकांसारखीच असतात, पण कागदावर एक या जातीचा, एक त्या जातीचा. आणि ३५ वाला ९५ वाल्याच्या पंगतीत बसतो, ज्याच्याशी त्याचं काही जुळत नाही. प्रकार खरे असायचे तर गुणांचा आलेख काढल्यावर उंटाच्या दोन मदारींसारखे दोन उंचवटे दिसायला हवेत: इकडे अंतर्मुखांचा, तिकडे बहिर्मुखांचा, मध्ये दरी. प्रत्यक्षात एकच उंचवटा येतो, तोही मधोमध. बहुतेक माणसं धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत. आणि नेमक्या जिथे सगळ्यात जास्त माणसं उभी आहेत तिथूनच ही चाचणी रेघ मारते.

रेघ गर्दीतून गेली की काय होणार ते उघड आहे. पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर निम्म्यापर्यंत लोकांचं एखादं तरी अक्षर बदलतं, असं डेव्हिड पिटेंजर या मानसशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये मांडलं. चाचणीची बाजू घेणारे म्हणतात, की नव्या आवृत्त्या सुधारलेल्या आहेत आणि अक्षरांऐवजी गुण बघितले तर ते बऱ्यापैकी टिकतात. ते खरंही आहे. पण मग अक्षरं कशाला? मला गणपतीच्या सुटीत पुन्हा बसून बघायची हुक्की आली. आय जाऊन ई, म्हणजे बहिर्मुख, आलं. मॅनेजरला सांगितलं तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'असं कसं होईल? तू तर आय आहेस.'

याच्यापुढे पत्रिका किती पक्की! आत्याची कुंडली वाईला मांडा, काशीला मांडा, हाताने मांडा की मोबाइलवर, राक्षसगण तो राक्षसगण. मानसशास्त्राच्या पुस्तकात चाचणीला दोन कसोट्या सांगितलेल्या असतात. एक विश्वसनीयता, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा मोजली तर तेच उत्तर यावं. दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजतो म्हणता तेच खरंच मोजलं जावं. पहिलीत पत्रिकेला पैकीच्या पैकी. दुसरीत ते गांडूळ आणि ती सुपली.

मग ते दोन पानांचं वर्णन वाचून माझा घसा का भरून आला? याचं उत्तर बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच देऊन ठेवलं आहे. त्याने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला खास त्याचं म्हणून व्यक्तिचित्र दिलं. किती जुळतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा, म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या हातात अक्षर न अक्षर तोच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा त्याने रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. लोकांना आपण आवडावं असं तुम्हाला फार वाटतं. वरून शिस्तीचे दिसता पण आतून धाकधूक असते. आपण घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही या विचाराने कधीकधी झोप लागत नाही. कोणाला लागते?

माझ्या चाचणीत फोररपेक्षा एक पाऊल पुढे होतं, हे मान्य करायला हवं. तिथे मीच सांगितलं होतं की मला गर्दीत थकायला होतं, आणि दोन पानांनी मला तेच सांगितलं की तुम्हाला गर्दीत थकायला होतं. म्हणजे ते खोटं नव्हतं. आपलंच लेकरू दुसऱ्याने कौतुकाने उचलून दाखवावं तसं होतं ते.

माणसाच्या स्वभावाचं शास्त्र म्हणून आज जे काही बऱ्यापैकी उभं आहे ते दुसऱ्याच वाटेने आलं, आणि ती वाट भाषेतून जाते. कल्पना साधी आहे: माणसांत जे फरक खरोखर महत्त्वाचे असतात, त्यांना लोक शतकानुशतकं शब्द पाडत आलेले असतात. तेव्हा युंगच्या अंतर्ज्ञानापेक्षा शब्दकोश उघडा. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी वेब्स्टरचा जाडजूड कोश पहिल्या पानापासून चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. त्यातले सुमारे साडेचार हजार टिकाऊ स्वभावाचे. पुढच्यांनी त्यांची छाननी केली, लोकांना ते शब्द एकमेकांना लावायला सांगितले आणि कुठले शब्द एकत्र कळप करून येतात ते गणिताने बघितलं. १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या दोघा संशोधकांना पाच कळप दिसले. नंतर पुन्हा पुन्हा पाचच दिसत राहिले, आणि त्यांना बिग फाइव्ह हे नाव पडलं.

हे वाचल्यावर मी एक आख्खा रविवार वहीत मराठी शब्द लिहिण्यात घालवला. नुसत्या कमी बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडे किती नावं! अबोल म्हणजे मुळातच न बोलणारा. मितभाषी हा त्याचा सत्कार समारंभातला अवतार. मुखदुर्बळ बिचाऱ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, वेळेवर तोंड उघडत नाही. भिडस्त बोलतो, पण नाही म्हणू शकत नाही. बुजरा दाराआडून बघतो. घुम्याच्या गप्प बसण्याची शेजाऱ्यांना जरा भीती वाटते. एकलकोंड्याला माणसं नकोत असं नाही, माणसघाण्याला मात्र खरंच नकोत. आणि आतल्या गाठीचा माणूस तर तासभर गप्पा मारून गेला तरी आपल्याला काही कळलेलं नसतं. आता या सगळ्यांना एका आय अक्षरात बसवा. माझ्या ऑफिसात बसवलं आहे. मी भिडस्त आहे. प्रेझेंटेशन माझ्याकडून काढून घेतलं तेव्हा 'मला करायचं आहे' असं म्हणू शकले नाही, त्याचं कारण ते होतं. मुखदुर्बळ मी नाही. माइक द्या, मी बोलते.

बिग फाइव्हमध्ये खण नाहीत, पट्ट्या आहेत. थर्मामीटरसारख्या. कोणी किती माणसांत रमतं, किती सांभाळून घेतं, किती नेटकं वागतं, नव्याला किती दार उघडतं. शेवटी पाचवी पट्टी, न्यूरॉटिसिझम, म्हणजे मन किती लवकर हलतं, किती धास्ती घेतं, किती वेळ ती उतरत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या फरकांतला निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जरा कमी वाटा रक्तातून येतो असं दिसतं. नेटकेपणाच्या पट्टीवरून कामाचा थोडाफार अंदाज येतो, पाचवीवरून पुढे नैराश्य गाठण्याची शक्यता कळते. थोडाफार हा शब्द मी जपून वापरते आहे. हे काही ब्रह्मवाक्य नाही. बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांत २०१३ मध्ये शोधायला गेलेल्यांना हे पाच कळप नीट सापडलेच नाहीत. कदाचित थोड्या माणसांत आयुष्य काढणाऱ्यांचा स्वभाव वेगळ्या घडीने घडतो.

पण माझं लक्ष अडकलं ते पाचव्या पट्टीवर. १९८९ मध्ये रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी इझाबेलच्या चार जोड्या बिग फाइव्हशेजारी ठेवून बघितल्या. तिची प्रत्येक जोडी पाचांतल्या एकेकीशी बऱ्यापैकी जुळली. लोकांतलं रमणं पहिलीशी, अंदाजावरची भिस्त नव्याच्या ओढीशी, भावना सांभाळून घेण्याशी, ठरवून मोकळं होणं नेटकेपणाशी. म्हणजे बाईने चाचपडत का होईना, खऱ्या गोष्टींना हात लावला होता. पाचवीशी जुळणारं मात्र तिच्याकडे काहीच नव्हतं. धास्तीला अक्षर नाही.

नसणारच. ज्या फडताळात एकही वाईट खण ठेवायचा नाही त्यात 'हिला झोप लागत नाही' हा खण कसा करणार? सोमवारी सकाळी टीमपुढे उभं राहून आपण आय-एन-एफ-जे असल्याचं हसत सांगता येतं. मी घराला कुलूप लावून जिना उतरते, पुन्हा चढते, कुलूप ओढून बघते, बस चुकते, हे सांगता येत नाही. माझ्या स्वभावाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती, आणि ९३ प्रश्नांत ती कोणी विचारली नव्हती. आताच्या एका लोकप्रिय फुकट वेबसाइटवर चार अक्षरांमागे आडवी रेघ ओढून पाचवं अक्षर देतात, त्यात ही पट्टी मागच्या दाराने आली आहे. तिथे तिला टर्ब्युलंट म्हणतात. विमानात बसल्यासारखं वाटतं. आमच्या घरात याला 'जीव टांगणीला' म्हणतात, आणि तो आत्याचा वारसा आहे असं सगळ्यांचं एकमत आहे. काका गेल्यापासून तिचा जास्तच असतो.

एक गंमत आहे. ही चाचणी विकणारेच सांगतात की नोकरीवर घ्यायचं की नाही हे ठरवायला ती वापरू नका. लग्न ठरवायला वापरू नका असं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही, आणि दक्षिण कोरियात तर पोरंपोरी भेटल्या भेटल्या चार अक्षरं विचारतात. आपल्याकडेही ओळखीतल्या एका मुलीने स्थळाला थेट 'तुझा टाइप काय' विचारलं. तिची आई शेजारच्या खोलीत पत्रिका बघत होती.

मागच्या आठवड्यात मला वाटलं, आत्याला एकदा विचारून तर बघू. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, वाईला एकटी राहते. संध्याकाळी फोन लावला आणि प्रश्न मराठीत करून विचारायला लागले.

'आत्या, लग्नकार्यात गेलीस तर तू सगळ्यांशी बोलतेस की ओळखीच्यांशीच?'

'कोणाचं लग्न?'

'कोणाचंही.'

'कोणाचंही कसं? आपल्याकडचं असेल तर सगळ्यांना विचारायला नको, जेवलात का म्हणून? जाऊबाईंच्या माहेरचं असेल तर मी आपली पंख्याखाली बसते.'

१९६८ मध्ये वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच म्हणून सगळ्या क्षेत्राची झोप उडवली होती. एका प्रसंगात माणूस कसा वागला यावरून दुसऱ्या प्रसंगात कसा वागेल हे फारच कमी सांगता येतं. प्रसंग विचारा, म्हणाला. त्यावर पुढे वीसेक वर्षं भांडण चाललं आणि शेवटी तडजोड निघाली, की एकेका प्रसंगाचं सांगता येत नाही पण शंभर प्रसंगांची सरासरी टिकते. आत्याला सरासरी मान्य नव्हती.

'बरं, डोक्याने ठरवतेस की मनाने?'

'काय ठरवायचंय?'

'काहीही गं.'

'भाजी डोक्याने. तुझे काका मनाने.'

मी वहीत दोन्हीकडे खूण केली. पुढचा प्रश्न ठरवून निघणारे आणि न ठरवता निघणारे ओळखायचा होता. 'एका दिवसासाठी कुठे जायचं असेल तर आधी सगळं ठरवतेस की वाटेल तशी निघतेस?'

पलीकडे जरा शांतता. मग, 'कुठे निघालीस?'

'कुठे नाही गं, प्रश्न आहे.'

'घाटात धुकं असतं आता. एसटीने जा, त्या खासगी गाड्या नकोत.' तेवढ्यात भांड्याचा आवाज आला. दूध ऊतू गेलं होतं. 'ठेव बाई, नंतर कर,' म्हणाली, आणि फोन बंद झाला. अकरा प्रश्न झाले होते, त्यातली चार उत्तरं कुठल्याच रकान्यात न जाणारी. वही मिटली, जेवले, दार लावलं, परत जाऊन कडी बघितली.

रात्री पावणेदहाला फोन वाजला.

'पोचलीस का?'

'आत्या, मी घरीच आहे. कुठे गेलेच नव्हते.'

'हो का,' ती म्हणाली. 'मी आपली मघापासून जागी. झोप आता.'